खेकड्यांवर खटला भरणार काय?

2 जुलै 2019च्या रात्री रत्नागिरी जिल्ह्याच्या चिपळूण तालुक्यातील तिवरे धरण फुटले आणि खालची भेंदवाडी वाहून गेली. वीसहून अधिक माणसे बळी पडली. त्यावर तत्कालीन जलसंधारण मंत्री तानाजी सावंत यांनी धरण खेकड्यांनी पोखरले असा जावईशोध लावला! खेकडा काही कोर्टात येऊन कैफियत देणार नाही, हे मंत्रिमहोदयांच्या सोयीचेच होते.

मातीचे धरण एका रात्रीत दुबळे होत नाही. भरावातून पाणी झिरपते, सोबत मातीचे बारीक कण घेऊन येते, आतली पोकळी वाढत जाते. झिरपणारे पाणी गढूळ झाले की धोका उंबरठ्यावर आला असे समजावे. हे ओळखायला इंजिनिअरची पदवी लागत नाही. तिवऱ्याच्या ग्रामस्थांनी गळती पाहिली होती, तक्रारीही केल्या होत्या. वाडी मात्र रिकामी झाली नाही.

1943च्या दामोदर पुरानंतर व्हाईसरॉयच्या मंत्रिमंडळातील मजूरमंत्री या नात्याने बाबासाहेबांनी पूरनियंत्रण, सिंचन आणि वीज यांची एकत्र योजना पुढे रेटली. त्यातूनच 1948 साली दामोदर खोरे महामंडळ उभे राहिले. नदीची जबाबदारी एका निश्चित यंत्रणेवर, हा त्यातला गाभा. आपल्याकडे धरण फुटले की जबाबदारीच वाहून जाते.

2021 साली धरण सुरक्षा कायदा आला. पावसाळ्यापूर्वी आणि नंतर तपासणी, पाच वर्षांत आपत्कालीन कृती आराखडा, कसूर होऊन जीव गेले तर दोन वर्षांपर्यंत कैद. कागदावर उत्तम! पण या कायद्याखालच्या गुन्ह्याची दखल न्यायालय घेणार ती सरकारच्या किंवा कायद्याने नेमलेल्या यंत्रणेच्या फिर्यादीवर. महाराष्ट्रात बहुतेक धरणांचे मालक सरकारच आणि फिर्यादीची किल्लीही सरकारी यंत्रणेकडेच! ज्याचे घर वाहून जाणार त्याला या कायद्यात थेट फिर्यादीची मुभा नाही. शिवाय दहा मीटरपर्यंतच्या उंचीचे लहान बंधारे त्याच्या कक्षेबाहेरच. ही तरतूद बदला, अशी आमची रोखठोक मागणी आहे.

तोवर धरणाखालच्या प्रत्येक ग्रामसभेने पावसाळ्यापूर्वीचा तपासणी अहवाल आणि आपत्कालीन आराखडा माहितीच्या अधिकारात मागावा. गळती दिसताच लेखी तक्रार द्यावी, तारखेसह पोच घ्यावी आणि ती धरणापासून दूरच्या, उंचावरच्या घरी ठेवावी.