थकण्याआधी बसायचं

शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांत मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट म्हणून काम करते. माझ्याकडे सांधेदुखी घेऊन येणाऱ्या बायकांचं एक वाक्य ठरलेलं असतं, "ताई, काम उरकलं की बसते ना मी." काम कधी उरकत नाही आणि त्या कधी बसत नाहीत. ज्यांचे सांधे सुजतात, ज्यांना सकाळी उठतानाच गळाल्यासारखं होतं, त्यांनी थकून गेल्यावर नाही, तर थकण्याआधी बसायचं असतं. एवढं पटवण्यातच माझा बराच वेळ जातो.

फिजिओथेरपी आता गावोगाव ठाऊक आहे. आमचं शास्त्र तिचंच भावंड, पण आम्ही रोजच्या कामापासून सुरुवात करतो. आंघोळ, स्वयंपाक, धार काढणं, खुरपणी, एसटीत चढणं यातलं काय अडलंय ते बघायचं आणि कामाची पद्धत, जागा किंवा हत्यार बदलून ते पुन्हा जमवायचं. भारतात याचं पहिलं शिक्षण १९५० मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात सुरू केलं ते कमला निंबकर यांनी. त्या मूळच्या अमेरिकन, एलिझाबेथ लुंडी. लग्नानंतर इथल्या झाल्या. १९५२ मध्ये या व्यवसायाची जागतिक संघटना उभी राहिली तेव्हा दहा संस्थापक देशांत भारत होता. फलटणचं कमला निंबकर बालभवन त्यांच्याच नावाचं.

दुखणं किती पसरलंय, याचा पुरावा आमच्या शेजारीच आहे. दौंडहून सोलापूरच्या गाडीत बसलं की थोड्या वेळात भिगवण लागतं. तिथे १९९६ मध्ये डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'कॉपकॉर्ड' या आंतरराष्ट्रीय कार्यक्रमाखाली सांधे-स्नायूंच्या दुखण्याची पाहणी केली. चार हजारांहून अधिक प्रौढांपैकी सुमारे १८ टक्के लोकांना असं दुखणं होतं. आमवात, म्हणजे ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस, साधारण दोनशेत एकाला होता.

आमवातात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांवर उठते. त्या दाहानं थकवा येतो, ठणक्यानं झोप मोडते आणि पुष्कळदा रक्तही कमी असतं. घरचे मात्र "आळस आलाय" म्हणतात. तो आळस नाही. हे मी घरच्या माणसांना समोर बसवून सांगते, सासूबाईंना आणि मालकांनाही.

दौंड भागात खडकवासल्याच्या कालव्याचं आवर्तन येतं. पाणी मोजकं आहे हे कळलं की शेतकरी आधी ठरवतो, कुठल्या पिकाला पाळी द्यायची आणि कुठलं थांबेल. अंगातली शक्तीही अशीच पाळीनं वापरायची, एवढं सांगितलं की पुढचं समजावणं सोपं जातं.

मग आम्ही भाकरीपाशी येतो. शिरूरकडे बाजरीची भाकरी रोजची. ती थापताना मनगटावर सतत दाब येतो आणि सुजलेली बोटं करंगळीच्या बाजूला ढकलली जातात. आमवातात बोटं वाकडी होतात तीही त्याच दिशेला. म्हणून मी उकड काढून पीठ मळायला आणि भाकरी लाटायला सांगते. परातीखाली ओलं फडकं घातलं की ती सरकत नाही, मग धरून ठेवण्यात एक हात अडकत नाही. ओट्यापाशी उंच स्टूल ठेवायचं, बसून काम करायचं. तवा, पातेलं दोन्ही हातांनी उचलायचं. रोज लागणारे डबे फळीवरून उतरवून कोपराच्या उंचीवर आणायचे, कारण हात डोक्यावर नेऊन केलेल्या कामानं दम लवकर लागतो. सुरीच्या मुठीला कापड गुंडाळून ती जाड केली की पकडायला जोर कमी लागतो. पंधरा लिटरची घागर म्हणजे पंधरा किलो वजन. तिच्याऐवजी नळीनं पाणी भरावं, नाहीतर अर्ध्या कळशीच्या दोन खेपा कराव्यात. जड कपडे पिळायचेच नाहीत, तसेच निथळत टाकायचे. जाड गोधडी घरातल्या दुसऱ्या कुणीतरी धुवावी.

शेतातलं अवघड असतं. कांद्याच्या खुरपणीत उकिडवं बसून पाऊण दिवस जातो, गुडघे आणि कंबर दोन्ही धरतात. इथे घड्याळ लावावं लागतं. फोनवर गजर लावून, दुखो न दुखो, ठरलेल्या वेळी उठायचं, बांधावर जरा टेकायचं, मग वेगळ्या हालचालीचं काम घ्यायचं. किती वेळानं, हे माणसागणिक बदलतं. म्हणून आधी आठवडाभर वहीत लिहून घेते: कोणतं काम, किती वेळ, दुखणं शून्य ते दहात किती. जिथे आकडा चढतो त्याच्या आधीची वेळ गजराची. रांजणगावच्या एमआयडीसीत उभ्यानं पाळी करणाऱ्यांना हेच लागू पडतं, फक्त तिथे सुपरवायझरला पटवावं लागतं.

बरं वाटलेला दिवस सगळ्यात धोक्याचा. त्या दिवशी साचलेलं सगळं उरकायचं आणि पुढचे दोन दिवस अंथरुणावर. असं चक्र लागलं की माणूस कामालाच घाबरू लागतो. पण नुसतं पडून राहणंही चांगलं नाही, स्नायू झिजतात. बेतानं हालचाल रोज हवीच.

यवतला तुकोबांची पालखी मुक्कामाला येते आणि वारकऱ्यांना पिठलं-भाकरी वाढली जाते. तिथल्या एका मावशींना आमवात. त्या मला म्हणाल्या, "बाकी काय पण सोडीन, ह्ये न्हाई सोडणार." मला फार आनंद झाला, कारण शक्ती कशासाठी राखायची हे रुग्णानंच ठरवायचं असतं. आम्ही तो आठवडा मांडला. आदल्या दोन दिवसांचं धुणं आणि झाडलोट सुनेनं आणि मुलानं घेतली. मावशी खुर्चीवर बसल्या, पीठ दुसऱ्यांनी मळलं, भाकऱ्या थोड्या थोड्या करून मध्ये त्या टेकल्या. दुसरा दिवस आधीपासूनच मोकळा ठेवला होता. हात दुखले, पण सूज चढली नाही.

हे सगळं औषधाच्या जागी नाही. आमवाताचं औषध वेळेवर सुरू झालं तर सांधे वाचतात. दुकानातून आणलेल्या वेदनाशामक गोळ्यांनी ते होत नाही. थकवा कशामुळे आहे हेही आधी तपासायला हवं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांत रक्तक्षय आढळला. थायरॉइड, साखर, क्षयरोग यांनीही असाच थकवा येतो. छातीत दुखत असेल, थोडं चालल्यावर धाप लागत असेल, वजन उतरत असेल, तर माझ्याकडे येण्याआधी डॉक्टरांना दाखवा.

डॉक्टरांकडून याल तेव्हा घरातलं एक माणूस सोबत आणा. ओट्यापाशी स्टूल ठेवायला आणि गोधडी धुवायला त्याचं ऐकणं लागतं.