लेखांक ६ : कंपनीचा रनर

देहूरोडच्या छावणीपासून दापोडीच्या लष्करी अभियांत्रिकी महाविद्यालयापर्यंत (सीएमई) लष्कर आपल्या शहराला लागूनच आहे, आणि चाकणच्या कारखान्यांच्या गेटवर माजी सैनिक भेटतातच. तरीही शौर्यपदकाची गोष्ट आपण ठरावीक सुरात सांगतो : जवान चवताळला, देहभान विसरला, शत्रूवर तुटून पडला. हे सांगणं मला त्या जवानावर अन्याय करणारं वाटतं. संगमनेर तालुक्यातल्या निमजचे शिपाई नामदेव जाधव यांना ज्या कामगिरीसाठी व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, ती टप्प्याटप्प्याने वाचली की भान सुटल्याची खूण कुठेच सापडत नाही.

९ एप्रिल १९४५, इटलीतली सेनिओ नदी. दोन्ही काठांना पुराचे उंच मातीचे बांध आणि त्या बांधांत जर्मन मशीनगनची ठाणी. पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या पहिल्या बटालियनमधले तेवीस वर्षांचे जाधव कंपनीचे रनर होते, म्हणजे कमांडरच्या पाठोपाठ राहून निरोप इकडून तिकडे पोचवणारे. नदी ओलांडताना त्यांच्यासोबतच्या तुकडीतले तिघे जखमी झाले, त्यांत कंपनी कमांडरही होते. बाकीचे ठार झाले. धडधाकट उरले एकटे जाधव. त्यांनी आधी एका जखमीला उचललं आणि खोल पाण्यातून, खड्या चढावरून, सुरुंग पेरलेल्या पट्ट्यातून सुरक्षित जागी नेलं. मग परत येऊन दुसऱ्याला. हल्ला त्यानंतर. पहिलं ठाणं टॉमी गनने गप्प केलं, तेव्हा हाताला गोळी लागली. बंदूक चालवता येईना म्हणून ती टाकून दिली आणि हातबॉम्ब घेतले. ते संपत आल्यावर सरपटत बांधाच्या माथ्यावर जाऊन पलीकडच्या सोबत्यांकडून आणखी घेतले, आणि उरलेली दोन ठाणी संपवली. बेभान माणूस असा साठा मोजत नाही.

यावर कुणी म्हणेल, पदकाच्या मानपत्रातच मेलेल्या सोबत्यांचा सूड घेण्याचा उल्लेख आहे. आहे, आणि तो राग खराच असणार. पण त्याच वाक्यात, कंपन्यांना जागीच खिळवून ठेवणारी ठाणी मोडण्याचा निर्धारही नोंदवला आहे. राग सगळ्यांनाच येतो. तो दोन जखमी पोचेपर्यंत थोपवून धरला, हे मला मोठं वाटतं. दुसरा आक्षेप अधिक टोचणारा : युद्ध ब्रिटिशांचं, पदक परक्या राजाचं. ते नाकारता येत नाही. मात्र पाण्यातून काढलेली माणसं स्वतःच्या कंपनीची होती आणि अडकून पडलेल्या कंपन्या स्वतःच्या बटालियनच्या. पदक कुणी दिलं यावरून त्या तीन फेऱ्यांचं मोल ठरत नाही.

शेवटची कृती तर रनरच्या कामातलीच. मशीनगन थांबल्या होत्या, मॉर्टरचा मारा चालू होता, आणि पलीकडच्यांना वाट मोकळी झाल्याचं कळवायला दुसरं कुणी नव्हतं. जाधव बांधावर उघड्यावर उभे राहिले, मराठ्यांची युद्धगर्जना केली आणि हात हलवून उरलेल्या कंपन्यांना नदीपार बोलावलं.

माझ्या म्हणण्याला सर्वांत अवघड उदाहरण माणगावजवळच्या पळसगावचे नाईक यशवंत घाडगे यांचं आहे. जुलै १९४४ मध्ये, सेक्शनमधले सगळे पडल्यावर ते एकटेच मशीनगनवर धावून गेले आणि तिथेच कामी आले. त्यांच्याबद्दल पुढच्या आठवड्यात.