जपानची विवाह-चॅपेले: उपासकांविना उभी राहिलेली प्रार्थनागृहे

जपानमधील मोठ्या शहरांत आणि पर्यटनस्थळी टोकदार कमानींची, उंच छताची, रंगीत काचांच्या खिडक्यांनी सजलेली अनेक प्रार्थनागृहे दिसतात. मध्ययुगीन युरोपातील गॉथिक वास्तुशैलीची ही लक्षणे पाहून इमारत शतकानुशतके जुनी असावी असा समज होतो, परंतु यांतील बहुतेक वास्तू गेल्या चार-पाच दशकांत हॉटेलांनी आणि विवाहसोहळ्यांचा व्यवसाय करणाऱ्या कंपन्यांनी केवळ लग्नासाठी बांधलेल्या आहेत. चॅपेल म्हणजे एरवी चर्चहून लहान असे ख्रिस्ती उपासनास्थान, पण या चॅपेलांना ना स्वतःचा भक्तसमुदाय असतो, ना तेथे रविवारची उपासना होते. ज्या देशात ख्रिस्ती धर्म मानणाऱ्यांचे प्रमाण लोकसंख्येच्या सुमारे १ टक्का आहे, त्या देशात अशा वास्तू इतक्या संख्येने का उभ्या राहिल्या, या प्रश्नाचे उत्तर धर्मप्रसारापेक्षा विवाहविधीच्या इतिहासात अधिक सापडते.

जपानमधील ख्रिस्ती परंपरेचा आरंभ गोव्याशी जोडलेला आहे. फ्रान्सिस झेवियर हे १५४९ मध्ये गोव्याहून निघून कागोशिमा येथे उतरले, आणि त्यांच्यासोबत गोव्यातच बाप्तिस्मा घेतलेला अंजिरो हा जपानी गृहस्थ होता. पुढे १६१४ मध्ये देशभर ख्रिस्ती धर्मावर बंदी आली व ती १८७३ पर्यंत टिकली. या काळात गुप्तपणे श्रद्धा जपलेल्या कुटुंबांपैकी काहींनी १८६५ मध्ये नागासाकीच्या नव्या ओउरा चर्चमध्ये येऊन फ्रेंच धर्मगुरूंसमोर आपली ओळख उघड केली. ओउरा चर्चमागे असा छळाचा आणि निष्ठेचा इतिहास आहे. विवाह-चॅपेलांची वंशावळ मात्र वेगळी असून तिचा संबंध आधुनिक मध्यमवर्गाच्या आकांक्षांशी आहे.

जपानी विवाह पूर्वी मुख्यतः घरीच, वधूवरांनी साके या तांदळाच्या मद्याचे घोट विधिपूर्वक घेऊन, साजरा होत असे. शिंतो देवस्थानात, म्हणजे जपानच्या स्वतःच्या देवपरंपरेतील मंदिरात, होणारा विवाह आज प्राचीन वाटत असला, तरी त्याचा सार्वत्रिक प्रसार १९०० मध्ये युवराज योशिहितो यांचा विवाह राजवाड्यातील देवस्थानात झाल्यानंतर सुरू झाला. म्हणजेच ज्या पद्धतीशी तुलना करून चॅपेलातील लग्नाला परके ठरवले जाते, ती पद्धतही विसाव्या शतकाचीच देणगी आहे. १९८० मध्ये लोकप्रिय गायिका मोमोए यामागुची आणि अभिनेते तोमोकाझू मिउरा यांनी टोकियोच्या रेइनानझाका चर्चमध्ये लग्न केले, त्याच सुमारास युरोपीय राजघराण्यांतील विवाहांची दृश्ये दूरचित्रवाणीवरून घराघरांत पोहोचली, आणि पांढऱ्या पोशाखातील वधूची प्रतिमा रुजली. १९९० च्या दशकात ख्रिस्ती पद्धतीच्या विवाहांनी शिंतो विवाहांना मागे टाकले.

या बदलाला कायद्याने वाट मोकळी ठेवली होती. जपानी नागरी संहितेनुसार विवाह सिद्ध होतो तो ‘कोनिन तोदोके’ नावाचा विवाहसूचनेचा अर्ज, दोन प्रौढ साक्षीदारांच्या स्वाक्षऱ्यांसह, स्थानिक नगर कार्यालयात स्वीकारला गेल्यावर. विधी कोणता झाला, कोठे झाला किंवा झाला की नाही, याला कायदा महत्त्व देत नाही. भारतातील १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याची भूमिका याच्या उलट आहे, कारण तेथे रूढ विधी हाच विवाहाचा पाया मानला असून जेथे सप्तपदी हा विधीचा भाग असतो तेथे सातवे पाऊल पडताच विवाह पूर्ण होतो. जपानी दांपत्याचे कायदेशीर काम एका कागदावर उरकत असल्यामुळे विधी कसा असावा हे ठरवण्याची पूर्ण मोकळीक कुटुंबाला मिळते; पण आप्तांसमक्ष वचन देण्याची माणसाची गरज कागदाने भागत नाही, आणि चॅपेल नेमकी ती गरज भागवते.

वास्तूची रचनाही याच हेतूने केलेली असते. प्रवेशद्वारापासून वेदीपर्यंत जाणारी लांब मध्यवाट, जिला जपानीत इंग्रजी शब्द जोडून ‘बाजिन रोदो’ म्हणतात, ही तिचा कणा असते. आई वधूचा चेहऱ्यावरील जाळीदार पडदा खाली ओढते, वडील तिला या वाटेने नेऊन वराच्या हाती सोपवतात, आणि उंच छताखाली ऑर्गन व गायकवृंद यांचे सूर घुमत राहतात. काही चॅपेलांत युरोपातील बंद पडलेल्या चर्चमधून आणलेल्या जुन्या रंगीत काचा बसवल्या आहेत. पौरोहित्य अनेकदा परदेशी व्यक्ती करते. त्यांपैकी काही दीक्षित धर्मोपदेशक असतात, तर काही केवळ विधीपुरते नेमलेले असतात, आणि यावर ख्रिस्ती वर्तुळांतून रास्त आक्षेपही घेतले गेले आहेत.

तरीही या सोहळ्याला केवळ उसना म्हणणे अन्यायाचे ठरेल. चॅपेलात लग्न करणारी कुटुंबेही ‘ताइआन’ हा पंचांगातील शुभ दिवस शोधतात व ‘बुत्सुमेत्सु’ हा अशुभ दिवस टाळतात. पाहुणे आहेराचे पैसे खास पाकिटातून देतात आणि नोटा विषम संख्येत ठेवतात, कारण सम संख्येची सहज दोन भागांत फाळणी होते. मुहूर्त, आहेर आणि आईवडिलांचा निरोप हे सारे जपानी घरातून आलेले आहे. बाहेरून आलेली चौकट आणि आतले घरगुती संस्कार यांच्या या मेळातून एक खरा, जिवंत लोकाचार घडला आहे.

या वास्तू पाहू इच्छिणाऱ्या पर्यटकांनी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. बहुतेक चॅपेले लग्नाव्यतिरिक्त खुली नसतात. मात्र कारुइझावा या थंड हवेच्या ठिकाणचे, उचिमुरा कान्झो या ख्रिस्ती विचारवंतांच्या स्मरणार्थ १९८८ मध्ये बांधलेले दगड व काचेच्या कमानींचे चॅपेल सोहळा नसताना पाहता येते. ते गॉथिक नसले, तरी विवाह-चॅपेलाचा उत्तम नमुना आहे. तेथे आत छायाचित्रे काढण्यास मनाई असते व ती पाळणे हे सौजन्य आहे. जपानमध्ये विवाहसोहळा करू पाहणाऱ्या भारतीय वधूवरांनी हेही जाणून घ्यावे की, चॅपेलात मिळणारे सुंदर प्रमाणपत्र कायदेशीर दाखला नसतो, त्यामुळे विवाहाची वैध व्यवस्था स्वतंत्रपणे करणे अत्यावश्यक आहे.

जपानमध्ये १९७२ मध्ये सुमारे ११ लाख विवाह झाले होते, तर २०२३ मध्ये ही संख्या ५ लाखांच्या खाली गेली. शिवाय धर्मविधीशिवाय केवळ पाहुण्यांच्या साक्षीने वचन देण्याची पद्धतही वाढत आहे. गोव्यातील वाड्यावरचे चॅपेल लग्न असो वा नसो, वाड्याच्या फेस्त या वार्षिक उत्सवामुळे आणि रोजच्या प्रार्थनेमुळे टिकून राहते, कारण त्याची देखभाल करणारी माणसे शेजारीच राहतात. जपानी विवाह-चॅपेलाला असा आधार नसल्यामुळे लग्ने थांबली की त्याचे प्रयोजनच संपते. म्हणून वास्तुइतिहासाच्या आणि समाजशास्त्राच्या अभ्यासकांनी या इमारतींना अनुकरण म्हणून बाजूला न सारता, त्या उभ्या आहेत तोवर त्यांची आणि त्यांतील विधींची काटेकोर नोंद करून ठेवली पाहिजे. लाखो दांपत्यांनी आपल्या आयुष्यातील सर्वांत गंभीर वचन जेथे दिले, त्या जागांना इतका मान मिळणे योग्यच आहे.