अमेरिकेची उन्हाळी बिअर : एक रसास्वाद

मद्याचें नांव काढतांच आमच्या कांहीं वाचकांच्या कपाळास आठ्या पडतील, हें आम्ही जाणून आहों. आणि ज्या घरांत तें वर्ज्य मानलें जातें, त्या घराचा नियम मोडावा असें सुचविण्याचा आमचा मुळींच हेतु नाहीं. परंतु आपल्यापैकीं पुष्कळांचीं मुलें आज अमेरिकेंत स्थायिक झालीं आहेत. मे-जूनमध्यें आईवडील त्यांच्याकडे जातात, आणि एखाद्या रविवारीं सूनबाई जरा संकोचानेंच विचारते, "बाबा, जवळच एक लहानशी ब्रुअरी आहे. यायचें का पाहायला?" होकार द्यावा कीं नकार, हें ज्याचें त्यानें ठरवावें, मात्र जें उत्तर द्यायचें तें माहितीनिशीं द्यावें, एवढ्याचसाठीं हा लेख. गेल्या उन्हाळ्यांत आम्ही तिकडे असतांना अशा चार-पांच ठिकाणीं जाऊन आलों, त्यामुळें चवीविषयीं दोन शब्द लिहिण्याचा अधिकार आम्हांला आहे असें वाटतें.

प्रथम हें लक्षांत घ्यावें कीं, बिअर ही भट्टीवर गाळलेली दारू नसून आंबविलेलें पेय आहे. सातू भिजवून, त्यांस मोड आणून ते सुकवले व भाजले म्हणजे त्यांचा माल्ट होतो. हा माल्ट भरडून ऊन पाण्यांत ठेवला कीं त्यांतील पिष्टाची साखर बनते. हा गोड रस हॉप नांवाच्या वेलीच्या हिरव्या, शंकूच्या आकाराच्या फुलांसह उकळतात, निववितात व त्यांत यीस्ट सोडतात. यीस्ट साखर खातें आणि मद्यार्क व वायु निर्माण करतें. आंबोळीचें पीठ रात्रभर झांकून ठेवणाऱ्या गृहिणीस ही किमया अगदींच अपरिचित नाहीं. बिअरचा कडवटपणा हॉपमुळें येतो, आणि सुगंधांतही त्याचा मोठा वाटा असतो.

अमेरिकेंत १९२० पासून १९३३ पर्यंत देशभर दारूबंदी होती. ती उठली तेव्हां मोठ्या भांडवलाचे कारखाने पुन्हां उभे राहिले, परंतु असंख्य लहान ब्रुअऱ्या कायमच्या बुडाल्या. पुढें मोठ्यांनीं धाकट्यांना गिळलें, आणि १९८० सालच्या सुमारास साऱ्या देशांत शंभरही ब्रुअऱ्या उरल्या नव्हत्या. जिकडे तिकडे एकाच छापाची फिकट, थंडगार बिअर मिळे. चमत्कार असा कीं, दारूबंदी उठल्यावर घरीं वाइन करण्यास कायद्यानें मुभा दिली, पण घरीं बिअर करणें हा गुन्हाच राहिला! ही केंद्रीय कायद्याची बंदी उठविणाऱ्या विधेयकावर अध्यक्ष जिमी कार्टर यांनीं १९७८ च्या ऑक्टोबरांत सही केली. त्यापूर्वींच, १९६५ सालीं, फ्रिट्झ मेटॅग या तरुणानें सॅन फ्रान्सिस्कोमधील डबघाईस आलेली अँकर ब्रुअरी विकत घेऊन जुन्या पद्धतीची बिअर जगविली होती. मग केन ग्रॉसमन व त्याचा भागीदार यांनीं कॅलिफोर्नियांतील चिको या गांवीं दुग्धालयांतील जुनीं भांडीं जमवून सिएरा नेव्हाडा ही ब्रुअरी उभारली आणि १९८० सालीं पहिली बिअर केली. आज देशांत नऊ हजारांहून अधिक ब्रुअऱ्या आहेत.

अशा ठिकाणीं पाहुण्यास बहुधा लांकडी फळीवर चार लहान पेले आणून देतात. एका पेल्यांत सव्वाशे मिलिलिटरच्या आसपास बिअर असते. सौम्यापासून तीव्राकडे जावें, आधीं वास घ्यावा, मग घोट घ्यावा, आणि दोन पेल्यांच्या मध्यें पाणी प्यावें. बर्फासारखी थंड बिअर सुगंध दडविते, म्हणून थोडा वेळ थांबावें.

पहिला पेला गव्हाच्या बिअरचा असावा. मेन राज्यांतील पोर्टलंड येथील अॅलागॅश ब्रुअरी १९९५ पासून बेल्जियन पद्धतीची जी गढूळ, पांढुरकी बिअर करते, तींत संत्र्याची साल आणि चक्क धने असतात. आपल्या मसाल्याच्या डब्यांतील ही वस्तु तेथें भेटली तेव्हां आम्हांला मोठी मौज वाटली. दुसरी गोझे, मूळची जर्मनीची. तींतही धने असतात, शिवाय मीठ. तिचा आंबटपणा ज्या अम्लामुळें येतो, तेंच अम्ल ताकांतही असतें. भर दुपारीं तिच्या घोटानें आम्हांला कोथिंबीर घातलेल्या मठ्ठ्याची आठवण झाली. तिसरी पेल एल. ओरेगॉनमधील सरकारी संशोधनांतून निघालेला कॅस्केड जातीचा हॉप १९७२ सालीं शेतकऱ्यांच्या हातीं आला. पपनसाच्या सालीसारखा त्याचा गंध हीच अमेरिकन पेल एलची ओळख बनली. चौथी इंडिया पेल एल. इंग्लंडहून जहाजानें हिंदुस्थानांतील गोऱ्या साहेबांकडे येणाऱ्या, हॉपनें भरलेल्या बिअरवरून हें नांव पडलें. तिच्या हल्लींच्या गढूळ प्रकारांत आंब्याचा वास येतो, पण आंबा मात्र बहुधा नसतो; ती सारी हॉपची व यीस्टची करामत.

आतां मात्रेविषयीं. गव्हाची बिअर किंवा गोझे यांत मद्यार्क साधारण चार ते पांच टक्के असतो. इंडिया पेल एलच्या दुप्पट जोमाच्या प्रकारांत तो आठाच्याही वर जातो. चव गोड लागली म्हणून फसूं नये. फळ्यावर लिहिलेला आंकडा आधीं वाचावा. परतीच्या वेळीं ज्यास मोटार चालवायची आहे त्यानें पेल्यास हात लावूं नये. ज्यांना नित्य औषधें चालू आहेत त्यांनीं डॉक्टरांस विचारल्याखेरीज एक घोटही घेऊं नये. शिवाय थोडें मद्य प्रकृतीस निर्धोक असतें या समजुतीला आज वैद्यकशास्त्राचा आधार राहिलेला नाहीं. २०२३ सालीं जागतिक आरोग्य संघटनेनें मद्याची कोणतीही मात्रा सुरक्षित म्हणतां येत नाहीं, असें स्पष्ट केलें आहे. आम्ही चार पेल्यांतील निम्मी बिअर तशीच ठेवून उठलों, आणि तेथें कोणासही त्याचें नवल वाटलें नाहीं.

या उद्योगाचे दिवस आतां पूर्वींइतके सुखाचे नाहींत. १८९६ पासून चालत आलेली तीच अँकर ब्रुअरी २०२३ सालीं बंद पडली. २०२४ सालीं नव्यानें उघडलेल्या ब्रुअऱ्यांपेक्षां बंद झालेल्यांची संख्या अधिक भरली. हातानें, थोडक्यांत, आपल्या गांवापुरतें करणाऱ्या कारागिराचें ओझें आपल्याकडील विणकराला किंवा तेल्याला निराळें सांगावयास नको.

म्हणून सूनबाईनें विचारलें तर निदान पाहावयास अवश्य जावें. मुलांना आपलें नवें गांव आईवडिलांस दाखवावेंसें वाटतें, आणि ती ब्रुअरी त्या गांवाचाच एक भाग असते. पुढ्यांत पाण्याचा पेला घेऊन बसलें तरी कोणी हंसत नाहीं. सातू कोठले, हॉप कोणता, धने केव्हां घालतां, असें विचारावें. तेथील माणसें हौसेनें सांगतात, आणि जी मुलें एरवीं या विषयावर आपल्यापुढें गप्प बसतात, तींही मोकळेपणीं बोलूं लागतात.