मुंबईहून क्रूझ पकडायचीय? आदल्या दिवशीच पोहोचा

क्रूझच्या तिकिटावर जहाज सुटण्याची वेळ नव्हे, चेक-इन बंद होण्याची वेळ पाहा. ती बरीच आधीची असते. उशीर झाला तर जहाज थांबत नाही आणि पैसेही सहसा बुडतात. हिवाळ्यात उत्तरेतल्या धुक्याने विमाने, गाड्या रखडतात. त्यामुळे आदल्या दिवशीच मुंबई गाठलेली बरी.

मुक्काम विमानतळाजवळ नको. टर्मिनल बॅलार्ड पिअरला आहे, म्हणून फोर्ट किंवा कुलाबा सोयीचा. विमान मुंबईला उतरतेय की नवी मुंबईला, हे तपासा; मुंबई विमानतळावरून ‘मेट्रो 3’ थेट सीएसएमटीला जाते, पुढे टॅक्सी. रेल्वेवाल्यांनी शेवटचे स्टेशन बघावे. एलटीटी म्हणजे कुर्ला!

परतीच्या दिवशी सकाळचे विमान टाळा. जहाज धक्क्याला लागले तरी उतरायला आणि सामान मिळायला वेळ जातो.