संगणक सगळ्यांचा, ईमेल मात्र जिचा तिचा

आता आपल्या बऱ्याच ग्रामसंघांच्या आणि प्रभागसंघांच्या कार्यालयात एक तरी संगणक आलाय. त्याच एका संगणकावर लेखापाल ताई हिशेब टाकतात, बँक सखी कर्जाची कागदपत्रं पाठवतात, कुणी उद्यम नोंदणी करतं, तर कुणी मुलीच्या कॉलेजचा अर्ज भरतं. या सगळ्याला ईमेल लागतो. काम झालं, एसटीची वेळ झाली, की आपण स्क्रीनच्या कोपऱ्यातली फुली दाबतो आणि निघतो. वाटतं, ईमेल बंद झाला.

तसं नसतं ताई. फुली दाबणं म्हणजे दार नुसतं लोटून घेणं. कडी लागते ती 'साइन आउट' केल्यावर. ते केलं नाही, तर पुढच्या ताईने जीमेल उघडल्यावर तुमचीच पत्रं तिच्यासमोर येऊ शकतात.

माझ्या ईमेलमध्ये असं काय आहे?

असं पुष्कळ जणी म्हणतात. जरा आठवून बघा. बँकेचं स्टेटमेंट, आधार आणि पॅनचे फोटो, दवाखान्याचा रिपोर्ट, कदाचित घरातल्या त्रासाबद्दल केलेली एखादी तक्रारही. हे चारचौघांत वाचायचं नसतं.

दुसरी गोष्ट याहून मोठी आहे. अनेक संकेतस्थळांवर 'पासवर्ड विसरलात?' असं दाबलं, की नवा पासवर्ड करायची लिंक ईमेलवर येते. म्हणजे ईमेल ही किल्ल्यांच्या जुडग्यातली पहिली किल्ली. ती दुसऱ्याच्या हाती लागली, तर बाकीची कुलपंही उघडू शकतात. शिवाय तुमच्या नावाने कुणालाही पत्र जाऊ शकतं, आणि वाचणाऱ्याला ते तुम्हीच लिहिलंय असं वाटतं.

हा अविश्वास नव्हे

"आपण सगळ्या एकाच गावच्या, कुलूप कशाला?" असं कुणी म्हणेल. पण गटाची पेटी एकीकडे आणि किल्ली दुसरीकडे ठेवायची पद्धत आपल्याकडे आहेच ना? ती काय कुणी चोर आहे म्हणून? नाही. उद्या पैशांत फरक पडला, तर कुणावर उगाच बोट जाऊ नये म्हणून. ईमेलचंही तेच. उघड्या ईमेलमधून काही चुकीचं गेलं, तर त्या दिवशी संगणकावर बसलेल्या प्रत्येकीवर संशय येतो. पैसे भरून निघतात, पण गटातला संशय लवकर जात नाही.

या सवयी लावून घ्या

1. काम संपलं की वर उजवीकडच्या आपल्या फोटोवर किंवा अक्षरावर क्लिक करा, 'साइन आउट' करा, मगच फुली दाबा.

2. 'पासवर्ड सेव्ह करू का?' असं संगणक विचारतो. कार्यालयात 'नेव्हर' दाबायचं. एकदा सेव्ह झाला, की साइन आउट करूनही उपयोग नाही. पासवर्ड चिठ्ठीवर लिहून स्क्रीनला चिकटवू नका.

3. क्रोममध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि एन ही तीन बटणं एकदम दाबा. इन्कॉग्निटो खिडकी उघडते. तशा सगळ्या खिडक्या बंद केल्या, की ईमेलही बंद होतो. पण उतरवून घेतलेली फाईल संगणकातच राहते.

4. म्हणून 'डाउनलोड्स' फोल्डर बघा. तुमचं आधार किंवा स्टेटमेंट तिथे असेल तर पुसा आणि रिसायकल बिनही रिकामी करा. प्रिंटरवर राहिलेला कागद उचला.

5. चहाला उठताना विंडोजचं बटण आणि एल एकदम दाबा. स्क्रीनला कुलूप लागतं. मात्र संगणकाला पासवर्ड ठेवलेला हवा.

6. जीमेलला 'टू-स्टेप व्हेरिफिकेशन' लावा. मग नव्या संगणकावर नुसता पासवर्ड चालत नाही, तुमच्या मोबाईलवरूनही खात्री करावी लागते. त्या वेळी 'या संगणकावर पुन्हा विचारू नका' अशी खूण दिसली तर ती काढून टाका.

विसरून घरी आलात तर?

घाबरू नका. मोबाईलवर गूगल खात्याच्या 'सिक्युरिटी' भागात 'युअर डिव्हाइसेस' उघडा. खातं कुठे कुठे चालू आहे ते दिसतं. कार्यालयाचा संगणक निवडून घरूनच साइन आउट करा. कुणी ईमेल हाताळल्याची शंका असेल, तर पासवर्डही बदला. पैसे गेले असतील तर वेळ न घालवता 1930 या नंबरवर फोन करा आणि बँकेलाही कळवा. दुसऱ्याचा पासवर्ड फसवणुकीसाठी वापरणं हा माहिती तंत्रज्ञान कायदा 2000 च्या कलम 66 क प्रमाणे गुन्हा आहे. त्याला 3 वर्षांपर्यंत कैद आणि 1 लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

संघाचा ईमेल

संघाचा ईमेल वेगळा ठेवा, कुणा एकीच्या खासगी ईमेलवर संघाचा कारभार नको. त्याला जोडलेला मोबाईल नंबर कुणाचा आहे, तेही बघा. कधी तो जुन्या सचिव ताईंचा असतो, कधी खातं उघडून देणाऱ्या मुलाचा. पदाधिकारी बदलले, की शिक्के आणि वह्या नव्यांच्या ताब्यात देतो, तसाच त्या दिवशी पासवर्ड आणि नंबरही बदला. आणि तशी नोंद इतिवृत्तात करा. पासवर्ड मात्र वहीत लिहू नका!

बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड आणि हिशेब ही पंचसूत्री आपल्याला तोंडपाठ आहे, कारण ती आपण दर महिन्याला पाळतो. येत्या बैठकीत दहा मिनिटं काढा, प्रत्येकीला संगणकासमोर बसवा आणि तिच्या हाताने साइन आउट करून घ्या. ऐकून लक्षात राहत नाही, हाताने केलेलं राहतं.