केवलमूल्य समीकरण

ज्या समीकरणात चलाचे पद केवलमूल्याच्या चिन्हात, म्हणजेच दोन उभ्या रेषांच्या आत येते, त्यास केवलमूल्य समीकरण असे म्हणतात. उदाहरणार्थ, |क्ष − ५| = २. केवलमूल्यास निरपेक्ष मूल्य असेही नाव आहे. महाराष्ट्र राज्य मंडळाच्या अभ्यासक्रमात ही संकल्पना इयत्ता नववीच्या बीजगणितात, वास्तव संख्यांच्या प्रकरणात येते. उभ्या रेषांचे चिन्ह जर्मन गणितज्ञ कार्ल वायरश्ट्रास यांनी १८४१ मध्ये वापरले.

व्याख्या

एखाद्या वास्तव संख्येचे केवलमूल्य म्हणजे संख्यारेषेवरील तिचे शून्यापासूनचे अंतर होय. क्ष ≥ ० असल्यास |क्ष| = क्ष आणि क्ष < ० असल्यास |क्ष| = −क्ष. म्हणून |७| = ७ आणि |−७| = ७. त्याचप्रमाणे |क्ष − अ| हे क्ष आणि अ या बिंदूंमधील अंतर असते. अंतराला दिशा नसते. त्यामुळे अशा समीकरणाला बहुधा दोन उकली मिळतात.

महामार्गावरील उदाहरण

नागपूर–मुंबई समृद्धी महामार्ग वाशिम जिल्ह्यातून जातो. या मार्गाला संख्यारेषा मानू आणि नागपूरपासूनचे अंतर क्ष किलोमीटर मानू. समजा, एक पथकर नाका २०० किलोमीटरवर आहे आणि बंद पडलेल्या वाहनाचा चालक मदत केंद्राला ‘मी नाक्यापासून १२ किलोमीटरवर आहे’ एवढेच सांगतो. (हे आकडे केवळ उदाहरणापुरते आहेत.) तेव्हा

|क्ष − २००| = १२

क्ष − २०० = १२ किंवा क्ष − २०० = −१२

क्ष = २१२ किंवा क्ष = १८८

ही दोन ठिकाणे एकमेकांपासून २४ किलोमीटर दूर आहेत. एकच उकल काढून थांबल्यास मदत विरुद्ध दिशेला जाऊ शकते. ‘नाक्याच्या मुंबईकडील बाजूस’ ही माहिती मिळाली, तरच २१२ ही एक उकल निश्चित होते.

उकलींची संख्या

|अ·क्ष + ब| = क या समीकरणात अ शून्य नसल्यास क च्या किमतीवरून उकलींची संख्या ठरते.

• क > ० असल्यास दोन उकली मिळतात.
• क = ० असल्यास एकच उकल मिळते.
• क < ० असल्यास उकल नसते, कारण अंतर ऋण असू शकत नाही.

केवलमूल्याबाहेर अन्य पदे असल्यास प्रथम केवलमूल्याचे पद एकटे करावे. २|क्ष + १| + ९ = ३ यावरून |क्ष + १| = −३ मिळते; म्हणून या समीकरणाला वास्तव उकल नाही.

ताळा पाहण्याची आवश्यकता

समीकरणाच्या दोन्ही बाजूंना चल असल्यास मिळालेली प्रत्येक किंमत मूळ समीकरणात ठेवून ताळा पाहावा लागतो. उदाहरणार्थ, |क्ष − ३| = २क्ष.

पहिला पर्याय: क्ष − ३ = २क्ष, म्हणून क्ष = −३.
दुसरा पर्याय: क्ष − ३ = −२क्ष, म्हणून क्ष = १.

क्ष = −३ ठेवल्यास डावी बाजू ६ आणि उजवी बाजू −६ येते; म्हणून ही किंमत त्याज्य ठरते. क्ष = १ ठेवल्यास दोन्ही बाजू २ येतात. म्हणून क्ष = १ ही एकमेव उकल आहे.

दोन्ही बाजूंना केवलमूल्य

|क्ष − अ| = |क्ष − ब| या समीकरणात अ आणि ब भिन्न असल्यास त्या दोहोंपासून समान अंतरावरील बिंदू शोधायचा असतो. तो त्यांचा मध्यबिंदू, म्हणजे क्ष = (अ + ब)/२ होय. वरील मार्गावर २०० आणि २४० किलोमीटरवरील नाक्यांपासून सारख्या अंतरावर असलेले ठिकाण २२० किलोमीटरवर येते.